उलटं सांगायचा हुकूम

“बैल दाखवला. आता बैल आन् छत्री अशी दोन चित्रं म्होरं आली. काय सांगशील?”

“बैल.”

मी त्याच्या गुडघ्यावर छडी मारली. लागेल अशी नाही, आवाज होईल अशी.

“बैल दिसला म्हनून बैल सांगतोस व्हय? हुकूम काय हाय?”

तुळशीराम पोत्यावर बसल्या जागी ताठ झाला. “जे बघितलं ते सांगायचं न्हाई! दुसरं सांगायचं!”

“मग?”

“छत्री, उस्ताद!”

“शाब्बास. आता घड्याळ बघितलंस. घड्याळ आन् केळं.”

“केळं!”

“वाघ बघितलास. वाघ आन् कंदील.”

“कंदील!”

ही शाळा आमच्या गोठ्यात भरायची. रोज सकाळी दूध घालून आलो की तास-दीड तास. विद्यार्थी एक, मास्तर मी आणि बघायला दोन म्हशी. पोराच्या जुन्या अंकलिपीतली चित्रं कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवली होती. बेचाळीस वर्षांचा गडी, पलटणीत नाईक होऊन आलेला, मिशा अशा की लिंबू ठेवावं, आणि माझ्यापुढं बसून वाघाला कंदील म्हणत होता. मला हसू आवरेना. म्हशीच्या आड जाऊन हसून यायचो आणि पुन्हा तोंड गंभीर करून छडी उचलायचो.

ह्याला बारा वर्षं झाली.

आमची शिंदोळी म्हणजे घरटी एक फौजी. गावात मेडिकल म्हणजे एकट्याची गोष्ट नसते, सगळ्या गावाची असते. भरतीला गेलेल्यांतला पहिला जो डोळे तपासून बाहेर यायचा तो कुंपणापाशी येऊन तक्त्याची शेवटची ओळ म्हणायचा, मागचे पाठ करायचे. पोरांना आरती यायच्या आधी तक्ता यायचा. आमच्या जगन्नाथला उजव्या डोळ्यानं बैलगाडी दिसत नव्हती, सोळा वर्षं नोकरी करून आला. पेपर फोडणं हे आमच्यात पाप नाही. शेजारधर्म आहे.

आणि ह्या विद्येतला गुरू म्हणजे मी, सर्जेराव जगदाळे, माजी हवालदार. मी दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे. कागदावर. उखळी तोफेवर होतो, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरानं मागं उभं राहून स्टीलचा ट्रे जमिनीवर आपटला होता. मी समोरच्या कॅलेंडरातली गाय बघत राहिलो. पापणी हलली नाही. डॉक्टर बिचारा हळहळला, माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यानं. दर दोन-तीन वर्षांनी फेरतपासणी असते, मी जातो, गाय बघून येतो, अपंगत्वाची पेन्शन चालू राहते. गावात सगळ्यांना माहीत आहे. कुठल्या कचेरीत गेलो की आमची पोरं मुद्दाम साहेबापुढं मला आईबहिणीवरून शिव्या देतात, आणि मी “आँ? काय म्हनतोस बाळ?” म्हणत हात कानाला लावतो. लई मजा.

तुळशीरामचं तसलं काही नव्हतं. त्याचं खरं होतं.

काश्मिरात त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला. गाडी उलटली. दोघं जागेवर गेले, आणि ह्याला ओरखडा नाही. उठला, टोपी झटकली, रायफल शोधली. तीन दिवस विश्रांती, चौथ्या दिवशी गस्तीवर. रक्त निघालं नाही म्हणून कुठं लिहिलंही गेलं नाही. घरी आल्यावर सुरू झालं. मळ्यातून घरी येताना वाट चुकायचा, स्वतःच्या मळ्यातून. कुकरची शिट्टी झाली की ताट भिरकवायचा. दिवसदिवस डोकं धरून बसायचा. एकदा भाजीत मीठ नाही म्हणून बायकोचा, रंजनाचा, हात पिरगाळला, आणि भाजीत मीठ त्यानंच तीनदा घातलेलं होतं. लोक म्हणायचे पितो. थेंबाला शिवत नव्हता. पण त्याच्या चालण्याला जरा झोल होता, आणि गावाला झोल दिसला की बाटली दिसते.

तपासणीच्या पंधरा दिवस आधी रंजना गोठ्याच्या दारात आली. हातात ताकाची कळशी, मनगटावर काळंनिळं.

“भावजी, कामाचं बोलू का?”

“बोल की वहिनी. मी बहिरा हाय, काय बी बोल.”

ती हसली नाही.

“ती डोक्याला मार लागलेल्या फौजींची तपासणी हाय ना तालुक्याला? मागल्या साली ह्यांना नेलं तर काय केलं म्हाईत हाय ना तुमास्नी?”

माहीत होतं. साहेबानं विचारलं, डोकं दुखतं? हा उठून उभा राहिला, टाच वाजवली, “नहीं साहब!” झोप येते? “ठीक है साहब!” विसरायला होतं? “सब ठीक है साहब!” साहेबानं शिक्का मारला. तंदुरुस्त. आमच्यात साहेबापुढं दुखतंय म्हणायची शिकवणच नाही. गोळी लागली तरी आधी म्हणायचं, ठीक है साहब.

“दिनूदादा म्हनतोय आता बास,” ती म्हणाली. दिनूदादा म्हणजे तिचा भाऊ, दिनकर गुरुजी, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. “म्हनतोय, ह्या बारीला डॉक्टरनं लिहून दिलं की आजार हाय, तर मी सोता पुण्याच्या दवाखान्यात नेतो त्यांना. न्हाईतर तुला आन् पोरीला घिऊन जातो. तुला मारून टाकंल एक दिस.”

“बराबर हाय गुरुजींचं.”

“भावजी, मला बाकी काय नगं. येक कागद पायजे. ह्यो माणूस मुद्दाम करत न्हाई, येवढंच लिवलेला. माझं मला म्हाईत हाय. पन माझ्या बोलन्यावर शिक्का न्हाई ना.” तिनं कळशी खाली ठेवली. “तुमचं त्ये ऐकत्यात. हुकूम म्हनून सांगा त्यांना. साहेबापुढं खरं बोला म्हनावं. खरं बोलायला शिकवा.”

खरं बोलायला! सर्जेराव जगदाळ्याकडं येऊन बाई हे मागते. लांडग्याला म्हणावं, कोकराला जरा सांभाळ, तसं.

मी म्हणलं, “तू जा. कागद आला म्हनून समज.”

विट्याकडच्या एका दोस्ताची तपासणी आधीच झाली होती. त्याला फोन लावला. त्यानं शेजारधर्मानं सगळा पेपर सांगितला. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळानं विचारतात. महिने उलटे म्हणायला लावतात. आणि शेवटी चित्रं. पन्नास चित्रं एकामागं एक दाखवतात, मग प्रत्येक चित्राची दुसऱ्या एका चित्राशी जोडी लावून विचारतात, ह्यातलं मघाशी कुठलं बघितलं?

“त्ये लई सोपं हाय गा,” दोस्त म्हणाला. “बारकं पोरगं सांगंल.”

माझ्या डोक्यात तिथंच दिवा लागला. तुळशीरामचे काही दिवस चांगले असायचे. नेमका चांगला दिवस निघाला आणि हा पाचही शब्द घडाघडा बोलला तर? अवघडात कुणीही चुकतं. पण सोप्यात चुकला, बारकं पोर सांगेल तिथं चुकला, तर डॉक्टर कपाळाला हात लावेल. अरारा, म्हणेल, ह्याला एवढंही येत नाही! म्हणून गोठ्यातली शाळा.

आणि एक सांगतो. तुळशीरामला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, पण हुकूम म्हणून सांगितलं, छडी वाजवली, कवायतीसारखं शंभरदा घोकून घेतलं, की ते आत रुतायचं. निघायचं नाही. दहा दिवसांत त्याचं असं झालं की मी मांजर दाखवावं आणि त्यानं मांजर सोडून काहीही म्हणावं.

“उस्ताद, ह्यानं काय हुईल?” एकदा त्यानं विचारलं.

“रंजी घरात ऱ्हाईल.”

“कुठं चाललीय ती?”

“कुटं न्हाई. पाठ कर.”

तपासणीच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात लिंबाखाली जत्रा. सगळ्या जिल्ह्यातले फौजी. कुणी छातीवर पदकं लावून आलेलं, कुणी गळ्यात मफलर. आतून एकजण बाहेर आला की त्याच्याभोवती दहाजण.

“शब्द कुटलं, शब्द?”

“लिवा. पितळ, गवत, देऊळ... मायला, चौथा काय हुता?”

“तुला खरंच मार लागलाय लेका!”

सगळी रांग हसली. तुळशीरामही हसला. चांगला दिवस होता त्याचा. इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. रंजनानं डब्यात धपाटी दिलेली. ती आली नव्हती, पोरीची परीक्षा होती. निघताना एवढंच म्हणाली होती, “भावजी, खरं बोलत्याल ना?” मी म्हणलं, “एकदम.”

नाव पुकारलं. मी सोबती म्हणून आत गेलो. दारातल्या पिल्ले नावाच्या हवालदारानं माझं कार्ड बघितलं, वरच्या पट्टीत ओरडला, “आप उधर बैठो!” मी हात कानाला लावून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो.

डॉक्टर म्हणजे एक बाई निघाली. मेजर आपटे मॅडम. असेल बत्तीस-तेहेतीसची, बारीक अंगाची. तुळशीरामनं टाच वाजवली, सलाम ठोकला. “जय हिंद साहब!”

झालं, म्हणलं. आता सब ठीक है सुरू.

पण बाई मोठी हुशार. तिनं स्वतःची टोपी उचलून कपाटात ठेवली, दार लावलं. खुर्ची टेबलाच्या मागून काढून त्याच्या शेजारी आणली.

“तुळशीराम, टोपी ठेवली मी. आता इथं साहेब कुणी नाही. कुठलं गाव?”

“शिंदोळी.”

“घरी कोण कोण?”

“रंजी. आन् पोरगी. आठवीला हाय. का नववीला.” तो थांबला. “नववीला.”

“त्या दिवशीचं सांगाल मला? गाडीचं?”

मला वाटलं, उठून उभा राहणार. तो उठला नाही. हाताकडं बघत बोलायला लागला. आम्ही एका पलटणीत, एका गावात, एवढी वर्षं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

“गाडी वर गेली मॅडम. आवाज मला आलाच न्हाई. पांढरं झालं. मग म्या बघितलं तर गाडीतला सदा माझ्याकडं बघून तोंड हलवत हुता. म्या म्हनलं मोठ्यानं बोल की. मग त्यो हलवायचा थांबला.”

मॅडम लिहीत नव्हती. नुसती ऐकत होती.

“आणि आता? घरी?”

“घरी... हात उठतोय माझा.” त्याची मान खाली गेली. “कुनावर उठतोय त्ये मागनं कळतंय. ती सांगत न्हाई. पोरगी सांगती. मग म्या गोठ्यात जाऊन बसतोय.”

“डोकं दुखतं?”

“व्हय.”

“रोज?”

“व्हय मॅडम. रोज.”

खरं बोलला. कुणी न शिकवता, आपलं आपण. मग तिनं पाच शब्द सांगितले. थोडं बोलणं झाल्यावर परत विचारले. त्याला एक आठवला, देऊळ. बाकीचे हुडकताना कपाळावर घाम आला, दोन्ही मुठी आवळल्या. महिने उलटे म्हणताना ऑक्टोबरवरून जूनला गेला, परत ऑक्टोबरला आला. मॅडमचं पेन आता पळत होतं. तिनं पिल्लेला सांगितलं, “पुण्याला फोन करून ठेवा. ह्यांच्यासाठी जागा लागेल, ह्याच आठवड्यात.”

मी स्टुलावर बसून मनात म्हणलं, वा रे पठ्ठ्या. आता शेवटचं षटक राहिलंय. मार छक्का.

“एवढं झालं की संपलं,” मॅडम म्हणाली. “हे अगदी सोपं आहे. चित्रं बघायची फक्त.”

पन्नास चित्रं झाली. मग जोड्या.

“ह्यातलं कुठलं बघितलं होतं? हातोडी की फुगा?”

हातोडी होती. मीही बघितली होती.

तुळशीराम ताठ झाला. पाठ सरळ, नजर समोर, हनुवटी वर. “फुगा!”

“बरं. कप की ससा?”

“ससा!”

“चाक की मासा?”

“मासा!”

कवायतच. खाडखाड. बाईचं पेन आधी हळू झालं, मग थांबलं, मग तिनं प्रत्येक उत्तराला नुसती बारीक खूण करायला सुरुवात केली. मी मोजत होतो. मध्ये चार ठिकाणी चुकला गडी, म्हणजे बरोबर सांगितलं. मी मनात छडी मारली.

संपल्यावर मॅडमनं खुणा मोजल्या. मग खुर्ची घेऊन टेबलाच्या मागं गेली.

“तुळशीराम, चार बरोबर आली तुमची. पन्नासात चार.”

“जी मॅडम.”

“डोळे मिटून काहीही सांगितलं असतं तर पंचवीस आली असती. मेंदूला जबर मार बसलेली माणसं मी तपासलीत, ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. त्यांनाही ह्यात चाळीसच्या वर मिळतात. बघितलेलं चित्र ओळखणं शेवटपर्यंत टिकतं.” तिनं खुणांवर बोट ठेवलं. “सेहेचाळीस चुकायला सेहेचाळीस बरोबर माहीत असावी लागतात. हे चित्रांचं आम्ही ठेवलंय ते आजार शोधायला नाही. सोंग शोधायला ठेवलंय.”

तुळशीराम तसाच ताठ. त्यातलं त्याला किती कळलं देव जाणे. मला सगळं कळलं.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“हुकूम हाय मॅडम.”

“कुणाचा हुकूम?”

तुळशीरामनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. सरळ माझ्याकडं, बराच वेळ, आत काहीतरी हुडकत असल्यासारखं. मग पुन्हा समोर बघितलं.

“आठवत न्हाई, मॅडम.”

त्यानं मला वाचवलं, का खरंच नाही आठवलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

मॅडमनं पिल्लेकडं बघितलं. “हे कोण बसलेत?”

“सोबत आले आहे मॅडम. बहिरे. दोन्ही कान. त्यांची स्वतःची फेरतपासणी परवा आहे.”

“असं.”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मान खाली घातली, कागदावर लिहायचं केल्यासारखं केलं आणि हळू आवाजात, पंखा जरा मोठ्यानं फिरला असता तर ऐकूही आलं नसतं इतक्या हळू, बोलली.

“मघाशी ह्या माणसानं जे सांगितलं ते खोटं नव्हतं, एवढं मला कळतं. पण हे पान असं राहिलं तर मला त्यातलं काहीच लिहिता येणार नाही. ज्यानं हे शिकवलं त्यानं आत्ता नुसतं ‘मी’ म्हणावं. मी हे पान फाडते, पहिल्यापासून तपासते. नाव लिहिणार नाही. विचारणारही नाही.”

शब्द नि शब्द ऐकू आला. एक अक्षर बोलायचं होतं. पण ते बोलायचं म्हणजे आधी ऐकलंय हे कबूल करायचं.

खिडकीबाहेर जीपखाली एक कुत्रं झोपलं होतं. त्याच्या कानावर माशी बसायची, ते कान हलवायचं, माशी उडून पुन्हा बसायची. मी ते बघत राहिलो. पापणी हलली नाही माझी. त्या दिवशी मी जेवढा बहिरा होतो तेवढा कुठल्याच फेरतपासणीत झालो नाही.

तिनं वाट बघितली. खूप बघितली. मग पेन उचलून दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि मला ओरडून म्हणाली, “घेऊन जा ह्यांना!”

“आँ?” मी हात कानाला लावला. “जरा मोठ्यानं बोला मॅडम.”

बाहेर आल्यावर तुळशीराम मोकळा झाला. “पास झालो का उस्ताद?”

“सेहेचाळीस पडले तुला.”

“पन्नासात?”

“पन्नासात.”

“आयला! शाळेत कदी पडले न्हाईत येवढे.” त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. स्टँडवर मला थांबवून त्यानं पाव किलो जिलेबी घेतली. रंजीला आवडते, म्हणाला. मी नको म्हणलं नाही. काय म्हणून नको म्हणणार?

घरी पोचलो तर दिनकर गुरुजी बाजेवर बसलेले. सदरा पांढरा, चपला दाराबाहेर जोडीनं लावलेल्या. रंजना उंबऱ्यात. तुळशीरामनं आल्या आल्या जिलेबीचा पुडा तिच्या हातात दिला.

“सेहेचाळीस पडले! इचार उस्तादांना!”

“कागद?” रंजना म्हणाली.

मी दिला. तिनं तो उलटा-सुलटा बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि भावाला दिला. इंग्रजीत होता. गुरुजींनी चष्मा लावला. दोनच ओळी, पण त्यांनी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या.

“काय लिवलंय दादा?”

“लिहिलंय, रुग्ण जाणूनबुजून चुकीची उत्तरं देतो. आजाराचा पुरावा धरता येत नाही.”

“म्हंजी?”

गुरुजींनी चष्मा काढला. “म्हणजे मुद्दाम करतो, रंजे.”

पुड्यातला पाक तिच्या हातावरून कोपरापर्यंत आला होता, तिला पत्ता नव्हता. ती माझ्याकडं वळली.

“भावजी, तुमी आत हुता. त्ये खरं बोललं का न्हाई? काय झालं आत, तुमी सांगा दादाला. तुमचं ऐकतील.”

गुरुजी माझ्याकडं बघत होते. सरकारी शाळेतला माणूस, कचेरीत ओळखी, परवा माझी फेरतपासणी.

“वहिनी,” मी म्हणलं, “मला काय ऐकू येतंय?”

गावात त्या वाक्यावर लोक पोट धरून हसायचे. तिनं पुडा खाली ठेवला, पदरानं हात पुसला आणि आत पोरीची पुस्तकं बांधायला गेली. तुळशीराम बाजेवर गुरुजींच्या शेजारी बसून जिलेबी खात होता. “घ्या की गुरुजी,” म्हणाला, “गरम हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. पोरगी रडत होती, रंजना नाही. तुळशीरामनं दोघींच्या पिशव्या स्वतः गाडीत ठेवल्या, त्याला वाटलं माहेरपणाला चाललीय.

माझी फेरतपासणी छान झाली.

आता तुळशीराम भावाच्या पडवीत असतो. भावजय ताट सरकवते, तो जेवतो. डोकं धरून बसतो. पहाटे उठून गावाबाहेर जातो, कुणीतरी हाताला धरून आणतं. सकाळी मात्र फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर येतो, माझ्या शेजारी बसतो. मला अजून उस्ताद म्हणतो.

टपरीवर गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं. मी ही पण सांगतो. लोक मागतात. गाव बदलतो, नाव बदलतो, मराठवाड्यातला एक नाईक होता म्हणतो. गोठा, म्हशी, अंकलिपी, ‘वाघ बघितला तर काय म्हनायचं? कंदील!’ इथं सगळे ठसकतात. कुणाची गोष्ट आहे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जास्तच ठसकतात. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसतो तुळशीराम. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मांडीवर थापा मारत. शंभरदा ऐकली असेल, दरवेळी नवी.

परवा पण सांगितली. हसून झाल्यावर त्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

“आन् उस्ताद, त्या गड्याची बायकू?”

“गेली. भावाकडं.”

“परत न्हाई आली?”

“न्हाई.”

त्यानं बशी खाली ठेवली.

“बराबर केलं तिनं,” तो म्हणाला. “असल्या लबाडापाशी कोन नांदंल?”